गणपती कुरणेचा बांध

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला आज जे खिंडार दिसतं, तिथं चोवीस वर्षं मातीचा बांध उभा होता. सरकारी कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. ते मला सरपंच असूनही कधी पाठ झालं नाही. आम्ही बांधच म्हणायचो. आणि बांधावर उन्हापावसात जो एक माणूस दिसायचा, त्याचं नाव गणपती कुरणे. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, हे मला ठाऊक आहे. मांडतो. साठी उलटली माझी. आता अब्रू जपून काय लोणचं घालायचंय? त्या माणसाची मला माफी मागायची होती. ती कशी राहिली, तेवढंच सांगायचं आहे.

मी बाळासो. आधी दूधसंस्थेचा सेक्रेटरी होतो, मग पाच वर्षं सरपंच. आमची वाडी कोडोलीपासून सायकलीनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पोटात. डोंगरावर चार तास पाऊस कोसळला की सगळं पाणी एका ओढ्यात उतरायचं आणि वाडीवर धावून यायचं. आमची घरं उंचावर, त्यामुळं आम्हाला त्याची मजा वाटायची. खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठानं, बौद्धवस्ती. त्यांना कसली मजा. वर्षाआड तिथल्या चुली विझायच्या आणि माणसं भांडीकुंडी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायची. आमच्या वडिलांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. ते त्या वेळी सरपंच. त्यांनी कोल्हापूरला हेलपाटे घालून घालून एक्याऐंशी साली रोजगार हमीतून हा बांध मंजूर करून आणला. दोनशे पावलं लांब, चार पुरुष उंच. ओढ्याचा लोंढा अडवायचा, हळूहळू सोडायचा आणि जादा झालेलं पाणी बाजूच्या खडकातल्या सांडव्यानं काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम.

बौद्धवस्तीतला गणपती त्या कामावर धुमस मारायला होता. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचा, खाली लोखंडी ठोकळा असलेला ठोकणा. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं आणि धुमसानं ठोकून ठोकून घट्ट करायचा. तिशीतला गडी, बुटका, काळाकुळकुळीत, मनगटं मात्र उखळाच्या मुसळासारखी. एकदा मुकादमानं घाईनं कोरड्या मातीवरच दुसरा थर टाकला. गणपती धुमस टाकून सरळ आमच्या दारात. "आण्णा, बांधात पापुद्रा राहिलाय. आज दिसायचा न्हाय, पण पाण्याला दिसंल." आण्णांनी जाऊन तो थर उकरून पुन्हा घालायला लावला. मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काम संपल्यावर आण्णांनी पंचायतीत सांगून टाकलं की बांधाची राखण गणपतीकडं, आणि बांधाचं काही असलं तर आधी त्याला विचारायचं. आण्णा होते तोवर तसं चाललं.

त्याचं काम बघितलेली माणसं आता थोडीच उरलीत. म्हणून सांगतो. उन्हाळ्यात तो बांधावरची घाणेरी, रुई, बाभळीची रोपटी मुळासकट उपटायचा. हरळीला मात्र हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, हरळी म्हणजे बांधाचं कातडं. मिरगाच्या आधी खेकड्यांची बिळं शोधायचा. काळ्या मातीचे ओले गोळे करून बिळात कोंबायचे, काठीनं ठासायचे, वर पुन्हा गोळा. आणि आतला मालक सापडलाच, तर संध्याकाळी त्याचा रस्सा. पावसाळ्यात रोज सकाळी बांधाच्या पायथ्यानं अनवाणी चालत जायचा. कुठं ओल आहे ते त्याच्या तळव्यांना कळायचं. एकदा मला हाताला धरून नेलं आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. "बाळासो, ह्ये नितळ हाय. म्हंजी बांधाला घाम आलाय, चालतंय. गढूळ आलं की समजायचं, आतली माती निघाली." मी मान हलवली आणि घरी येऊन विसरलो.

उसवाले शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडायचे. पाणी जास्त साठावं म्हणून ते गुपचूप सांडव्याच्या तोंडात दगड रचायचे, आणि हा सकाळी जाऊन ते काढायचा. शिव्या खायचा. शिव्यांना उत्तर कधी द्यायचा नाही, दगड तेवढे काढायचा. मी त्याची थट्टा करायचो. "गणप्या, बायकोपेक्षा बांधाला जास्त जपतोस की रं." वयानं तो माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, पण आमच्यात त्या वस्तीतल्या माणसाला असंच बोलायचं वळण होतं. लाज वाटायला पाहिजे होती, पण तेव्हा वाटली नाही. त्याची बायको शेवंताबाई तिथंच गवत कापत होती. ती म्हणाली, "बायकू कुठं फुटती व्हय? बांध फुटतोय." आम्ही तिघंही हसलो.

त्र्याण्णवच्या श्रावणात आण्णा गेले.

त्या सुमारास आमच्या भागात एक नवी चाल आली होती. रक्षा नदीत सोडायची नाही, शेतात खड्डा काढून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. नदी खराब होत नाही आणि माणसाची आठवण उभी राहते. चांगलीच चाल आहे, अजूनही आहे. माझ्या मनात आलं, आण्णांचं झाड शेतात कशाला? त्यांनी उभ्या जन्मात जे काम केलं त्याच्या डोक्यावर लावू. तिसऱ्या दिवशी सगळं गाव घेऊन बांधावर गेलो, बांधाच्या बरोबर मध्यावर हातभर खड्डा काढला, रक्षा घातली आणि जांभळीचं रोप लावलं. माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. गणपती कडेला उभा होता. हात जोडले त्यानं, पण तोंडातून काही बोलला नाही. सुतकात कुणाला काय बोलायचं, असं त्याला वाटलं असावं.

दहाव्या दिवशी बांधावर गेलो तर रोप जागेवर नाही. खड्डा बुजवलेला, वरून धुमसून सपाट केलेला. माझ्या डोक्यात सणक गेली. खाली बघतो तर सांडव्याच्या पलीकडं, कठीण जमिनीवर, गणपती रोपाला आळं करत बसलेला. मातीच्या गड्ड्यासकट, रक्षेसकट त्यानं ते अलगद उचलून तिकडं नेलं होतं. भोवतीनं काटेरी फांद्यांचं कुंपणही केलं होतं. आज मी हे नीट बघू शकतो. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ह्यानं माझ्या बापाची रक्षा उकरली.

"झाडाची मुळं बांधात जात्यात, बाळासो," तो म्हणाला. "आण्णांचाच बांध हाय. हितं झाड मोठं हुईल, सावलीबी पडंल. म्या इचारणार हुतो, पर तुमचं दिस चालू हुतं."

मी काय केलं? रोप उपटून वर नेलं आणि पुन्हा मध्यावर लावलं. त्याच्यासमोर. आणि त्याच आठवड्यात ग्रामसभा बोलवायला लावली. सभेत गणपती मुळांचं समजावून सांगायला लागला, आणि मी मध्येच उठून ओरडलो, "आण्णांच्या रक्षेला हात लावायचं धाडस तुला झालं कसं?" मी जात काढली नव्हती, म्हणजे शब्द वापरला नव्हता. पण मी काय म्हणालो ते प्रत्येकाला कळलं. त्यालाही कळलं. तो हातातली टोपी घालून खाली बसला. त्याची राखण काढून घेतली. माझा चुलतभाऊ गुंडू, ज्याला बांध आणि बंधारा यातला फरकही सांगता आला नसता, तो राखणदार झाला.

मग काय, गावाला चटकच लागली. ज्याच्या घरात माणूस गेलं तो रक्षा घेऊन बांधावर. कुणी चिंच लावली, कुणी करंज, कुणी वड. चार-पाच वर्षांत अकरा झाडं झाली. आम्ही तिथं पाटी लावली, "स्मृतिवन". पेपरात फोटो आला. फोटोत मी मध्ये, छाती काढून. गणपती शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. पहाटेची गाडी धरायची, दिवसभर भट्टीपुढं राबायचं आणि काळवंडून घरी यायचं. तिथं सोमवारची सुट्टी. आणि प्रत्येक सोमवारी हा माणूस बांधावर दिसायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारणारं नाही. बिळं बुजवायचा, सांडव्यातले दगड काढायचा. झाडांना मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही. मी दिसलो तर मान खाली घालून नमस्कार करायचा. मी न बघितल्यासारखं करायचो.

दोन हजार साली मी सरपंच झालो. पुढच्या उन्हाळ्यात पाटबंधाऱ्यातले एक निवृत्त साहेब पाहुण्यांकडं आले होते. आमची बागबगीचा दाखवायची हौस. मी त्यांना मिरवत स्मृतिवनात नेलं. साहेब बांधावर चढले, इकडून तिकडं बघितलं आणि म्हणाले, "मातीच्या बांधावर झाडं? कुणी हा शहाणपणा केला? मुळांच्या वाटेनं पाणी जाईल, गाव बुडवाल." माझ्यासोबत पंचायतीचे चारपाच जण होते. मी "व्हय साहेब, बघतो" म्हणून वेळ मारून नेली, पण कानशिलं तापली होती. आठ वर्षांपूर्वी हेच एका माणसानं मला सांगितलं होतं, माझ्याच भाषेत, तेही फुकट.

घरी येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची, आणि घरात माझ्यावर आवाज चढवायची हिंमत फक्त तिची. ती म्हणाली, "मग आता काय करायचं ते गणपतीला जाऊन इचार."

"इचारायचं काय त्यात? झाडं तोडायची."

"त्येला इचारून तोड. आन् जाशील तवा माफीबी माग."

आक्काचं म्हणणं मला पटलं होतं, हे मी खरं सांगतो. माफी मागायची हे त्याच दिवशी मनात पक्कं झालं. पण रिकाम्या हातानं वस्तीत जाऊन उभं राहायचं, चारचौघांत म्हणायचं की चुकलं, ते मला जमेना. मला वाटलं, आधी झाडं तोडू. चूक दुरुस्त करून मग जाऊ, म्हणजे तोंड दाखवायला जागा राहील. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा असतो ते बघायचं असेल तर त्या उन्हाळ्यातला मी बघायला हवा होतो.

गावानं बराच आरडाओरडा केला. आपापल्या माणसांची झाडं. मी सभेत सांगितलं, पहिली कुऱ्हाड माझ्या बापाच्या झाडावर. आणि घातली. जांभळीचा बुंधा मांडीएवढा झाला होता. रडू आलं मला, खोटं नाही सांगत. पण रडतारडता आतून थोडं मोठंही वाटत होतं, बघा, बाळासो सरपंच असा आहे म्हणून. दोन दिवसांत अकरा झाडं जमिनीलगत कापली. बुंध्यांवर मुरूम टाकला, वरून रोलर फिरवला. फिरायला सपाट वाट झाली. मला वाटलं काम फत्ते, आता गणपती कुरणेपुढं ताठ मानेनं जाता येईल.

पुढच्या सोमवारी गणपतीच आमच्या दारात आला.

मी सोप्यात बसलो होतो. खिडकीतून तो गल्लीत वळताना दिसला, आणि काय झालं मला कुणास ठाऊक. इतके दिवस पाठ केलेलं सगळं वाक्य विसरलो. तो मला शाबासकी द्यायला आलाय की जाब विचारायला, आणि दोन्हीतलं मला काय झेपेल, काही कळेना. मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि आक्काला म्हणालो, "घरात न्हाय म्हणून सांग." आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की ते डोळे अजून आठवतात. पण गेली आणि सांगितलं. बाहेरून त्याचा आवाज आला, "आक्का, काय काम न्हाय तसं. सरपंचास्नीच सांगायचं हुतं. फुडल्या सोमवारी येतो."

पुढच्या सोमवारी खरंच आला. सकाळी नऊच्या सुमाराला. या वेळी खांद्यावर त्याचा जुना धुमस होता. खिडकीतून तो धुमस बघितला आणि माझ्या मनानं लगेच अर्थ लावला. हा काम परत मागायला आलाय. राखण परत द्या म्हणणार. मग गुंडूला काढावा लागणार, भावकीत बोंबाबोंब, पंचायतीत कटकट. माफी मागायची ती मागू, पण आज नको, कामाचं झेंगट नको. पुन्हा आत गेलो. आक्का या वेळी दारात काय बोलली ते मी ऐकलंही नाही. पण आत येऊन ती मला म्हणाली, "माझ्या तोंडानं दोनदा खोटं बोलवून घेतलंस. तिसऱ्यांदा बोलणार न्हाय मी."

तिसऱ्यांदा तो आलाच नाही. बांधावर मात्र त्याच्या सोमवारच्या फेऱ्या चालू होत्या. मी म्हणायचो, दसरा होऊ दे, जातो. दिवाळी होऊ दे, जातो. मग उसाची तोड, मग कुणाचं लग्न, मग निवडणूक. माफीला मुहूर्त लागत नाही, पण मी मुहूर्त काढत राहिलो. अशी चार वर्षं गेली.

दोन हजार पाचचा जुलै. आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. पंचगंगा फुगली, शिरोलीचा रस्ता पाण्याखाली गेला, कारखाने बंद पडले. त्यामुळं गणपती घरीच होता. बांध काठोकाठ भरून सांडवा धो धो वाहत होता. एक दिवस सकाळी नऊ वाजता गुंडू भिजून चिंब, धापा टाकत दारात आला. "दादा, बांधाच्या पायथ्याला झरा फुटलाय. चहागत पाणी येतंय."

मी धावलो. बांधाच्या मध्यावर, जिथं आण्णांची जांभळ होती, बरोबर तिच्या खाली पायथ्याशी मनगटाएवढी धार पडत होती. तांबडीभडक, गढूळ. गणपती माझ्या आधीच तिथं होता. गुडघ्यावर बसून त्यानं धारेत हात घातला, मूठभर गाळ बाहेर काढला. गाळात कुजलेल्या मुळाचा काळा तुकडा होता. त्यानं तो बघितला आणि माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच त्यानं मान खाली घातली नाही.

"पोती आणू? वाळू आणू?" मी विचारलं.

"आता बांधाचं काय न्हाय. माणसं काढा."

तो तिथून असा धावत सुटला की पन्नाशी उलटलेला माणूस आहे, हे सांगून पटलं नसतं. मी देवळातल्या कर्ण्यावरून ओरडत होतो, पण माणसं माझ्या ओरडण्यानं हलली नाहीत, ती गणपतीच्या शब्दानं हलली. बांधाबद्दल तो कधी उगाच बोलत नाही, हे वस्तीला माहीत होतं. पस्तीस घरं. म्हातारी तानाबाई खाटेला खिळलेली होती, तिला खाटेसकट चौघांनी उचलली. शेरडं, लेकरं, कोंबड्या, सगळं शाळेच्या माळावर. गणपती प्रत्येक घरात शिरून बघत होता. स्वतःच्या घरात तो गेला नाही. शेवंताबाई आणि पोरगा प्रसेनजीत बाहेर पडल्याचं त्याला दिसलं होतं, ते त्याला पुरेसं होतं.

साडेदहाला बांधाच्या मध्याला भगदाड पडलं, वरची माती खाली बसली आणि पाणी सुटलं. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही, मला जमत नाही. पंधरा मिनिटांत वस्ती नव्हती. घरं गेली, विहार गेला, विहारातली बुद्धमूर्ती चार दिवसांनी दीड मैलावर उसात सापडली. माणूस मात्र एकही गेलं नाही. माळावर उभं राहून सगळी वस्ती आपली घरं जाताना बघत होती. शेवंताबाई खाली बसली आणि धाय मोकलून रडली. गणपती रडला नाही. तो बांधाकडं बघत उभा होता. एक्याऐंशी साली त्यानं थरावर थर ठोकलेली माती तांबडी होऊन ओढ्यानं चालली होती.

नंतर साहेब लोक आले, पंचनामा झाला. कारण लिहिलं, अतिवृष्टी. सरपंच म्हणून खाली मी सही केली. कुणी मला एक शब्द विचारला नाही. उलट वेळेवर माणसं हलवली म्हणून तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. ती शाल मी घेतली. नको म्हणायचं होतं, पण समोर इतकी माणसं बसली होती. गणपतीचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

वस्ती महिनाभर शाळेत राहिली आणि मग पांगली. कुणी शिरोलीला, कुणी कोल्हापूरला. गणपती उचगावला गेला. प्रसेनजीतला तिकडं काम लागलं होतं. बांध पुन्हा बांधायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. बांधला तरी कुणासाठी, खाली राहायला आता कोण आहे?

आक्का दोन हजार सातच्या शेवटी आजारी पडली. जायच्या आधी पंधरा दिवस तिनं मला जवळ बसवलं. "बाळू, उचगावला जाऊन ये. त्यो जिता हाय तवर जा. मी बोलले ती खोटी गोष्ट तुझ्या माफीत मिळव, म्हणजे माझीबी मागून झाली." मी हो म्हटलं. ती गेली, तिचे दिवस झाले, आणि दोन हजार आठच्या जानेवारीत एका सोमवारी मी खरंच एस.टी.त बसलो.

उचगावात त्यांची दोन खोल्यांची भाड्याची जागा. शेवंताबाईनं दार उघडलं. बघून तिला आश्चर्य वाटलं असणार, पण "या सरपंच" म्हणाली आणि आतून चटई आणून टाकली. गणपती भिंतीला टेकून बसला होता. फौंड्रीच्या धुरानं छाती धरली होती त्याची, बोलताना मध्येमध्ये थांबावं लागायचं. आक्का गेल्याचं कळल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "लई चांगली बाई."

माझ्या मनात सगळं तयार होतं. सभेतलं ते वाक्य, झाड, राखण, सही, शाल, एकेक करून सांगायचं आणि हात जोडायचे. पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना, म्हणून मी विचारलं, "गणपती, झाडं तोडली तवा तू दोनदा आलतास. काय सांगायचं हुतं?"

"मुळं काढा म्हणून." त्यानं दम घेतला. "झाड तोडलं की मूळ आत कुजतंय. चार-पाच वर्सांत त्येची पोकळ नळी हुती. झाड हुतं तवर बरं हुतं, त्येनं निदान जागा तरी धरली हुती. तोडलं तर मग मूळ तळापतोर उकरून काढायचं, भिजवलेली काळी माती भरायची आन् धुमसायची. अकरा झाडं, आठ-धा दिसांचं काम. दुसऱ्या येळंला मी आठ दिसांची रजा टाकून धुमस घिऊनच आलतो. म्हटलं, सरपंचांनी व्हय म्हटलं की लगेच लागू."

मी ऐकत होतो. आठ दिवसांची रजा. तो काम मागायला नव्हता आला, करायला आला होता. हात जोडायची वेळ ती होती. आता पुढं कधी अशी वेळ येणार नव्हती, हेही मला कळत होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल?

"मी तवा कोडोलीला गेलतो रं. दोनी खेपंला. घरात असतो तर..."

गणपतीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"चपला दारात हुत्या, सरपंच," तो म्हणाला. "दोनी येळंला."

शेवंताबाईनं चहाची बशी माझ्यापुढं ठेवली. मी चहा प्यायलो. गणपतीनं वाडीत यंदा ऊस कसा आहे ते विचारलं, मी चांगला आहे म्हणून सांगितलं. मग उठलो, दारात बसून चपला घातल्या आणि एस.टी. स्टँडकडं चालायला लागलो. माफी मागायला गेलो होतो, आणखी एकदा खोटं बोलून परत आलो. त्यानंतर वर्षभरात गणपती गेला, आणि ते मला दोन महिन्यांनी कळलं.